पर्यटनाच्या होडीतील बॅटरी, वायरिंग व दिवे : बागायतदारांनी घ्यावयाची काळजी



कोकणात आंबा, काजू, नारळ, सुपारी यांच्या जोडीला कृषी पर्यटन हा जोडधंदा आता चांगला रुजला आहे. खाडीकाठच्या बागायतदाराकडे आलेला पाहुणा बाग पाहतो, सोलकढी पितो आणि हमखास विचारतो, "होडीतून फिरायला मिळेल का?" त्यामुळे दाभोळची खाडी असो, आंजर्ल्याची असो की कर्ली नदीचे मुख असो, पाच-सहा माणसे बसतील अशी फायबरची लहान होडी अनेक बागायतदार बाळगू लागले आहेत. देशावरही भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी दाखवण्यासाठी आणि तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयावर अशा होड्या चालतात.

होडी घेताना आपण तिची लांबी पाहतो, इंजिनाची अश्वशक्ती पाहतो, किमतीची घासाघीस करतो. नंतर तिच्यावर एक बॅटरी, दोन-तीन दिवे, मोबाईल चार्जरचे एक भोक आणि जमल्यास पाणी उपसणारा छोटा पंप बसवला जातो. हे काम बहुधा गावातला घरगुती वायरिंग करणारा वायरमन किंवा ट्रॅक्टरचे काम करणारा मेकॅनिक करतो. दोघेही आपापल्या कामात वाकबगार असतात. परंतु होडी हे घर नाही आणि ट्रॅक्टरही नाही, आणि नेमकी चूक इथेच होते.

मी स्वतः कृषिविद्या शिकवणारा माणूस आहे. या विषयात शिरण्याचे कारण असे की, आमच्या परिचयाच्या एका नारळ-सुपारी बागायतदारांच्या होडीतून मी व माझे दोन सहकारी खारफुटी पाहायला गेलो होतो. ओहोटीचा अंदाज चुकला, होडी गाळात अडकली आणि परत निघेपर्यंत अंधार पडला. बागायतदारांच्या मुलाने नाळेवरचा प्रकाशझोताचा दिवा लावला. दहा मिनिटांत दिवा मंदावला आणि फळीखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. फळी उचलून पाहतो तो हातभर वायर वितळून तिचा लगदा झालेला, धूर निघतो आहे, आणि पेट्रोलचा कॅन तिथून दोन हातांवर. मुलाने प्रसंगावधान राखून हाताला टॉवेल गुंडाळला आणि बॅटरीवरची वायर हिसडून काढली. ती सहज निघाली, कारण ती नटबोल्टने आवळलेली नसून चिमट्याने अडकवलेली होती. म्हणजे एका चुकीच्या जोडणीने दुसऱ्या चुकीपासून आम्हाला वाचवले. त्या होडीत फ्यूज नव्हता, मेन स्विच नव्हता आणि वायर होती दारावरच्या घंटीला वापरतात तशी बारीक जोडवायर. नंतर ती होडी आम्ही पूर्ण उकलली. जे कळले ते आणि त्यापुढे वाचून, करून पाहून जमवले ते येथे देत आहे.

बारा व्होल्ट म्हणजे बिनधोक नव्हे

घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला आपण भितो, कारण तिचा झटका जीवघेणा असतो. बारा व्होल्टच्या बॅटरीला कोरडा हात लावला तरी काही जाणवत नाही. यावरून "यात धोका नाही" असा समज होतो. प्रत्यक्षात येथील धोका झटक्याचा नसून उष्णतेचा आहे. ६० वॅटचा दिवा घरात लावला तर वायरीतून साधारण पाव अँपियर प्रवाह जातो. तोच ६० वॅटचा भार बारा व्होल्टवर पाच अँपियर घेतो. प्रवाह जवळजवळ वीसपट. वायर तापते ती प्रवाहाने, व्होल्टेजने नव्हे. शिवाय बॅटरीच्या दोन टोकांचा थेट संबंध आला तर साधी मोटारीची बॅटरीसुद्धा क्षणार्धात शेकडो अँपियर सोडते. पाना लाल होतो, अंगठी घातलेली असेल तर बोट भाजून निघते. म्हणून बॅटरीवर काम करताना अंगठी व कडे आधी काढून ठेवावे.

ट्रॅक्टरमध्ये दिव्याला एकच वायर येते आणि परतीचा प्रवाह लोखंडी सांगाड्यातून जातो, हे आपल्या पाहण्यात आहे. मेकॅनिक होडीतही तीच सवय वापरतो आणि परतीची वायर इंजिनाच्या पत्र्याला किंवा ॲल्युमिनियमच्या होडीच्या अंगालाच जोडतो. हे अजिबात करू नये. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या धातूतून प्रवाह गेला की तो धातू झपाट्याने खातो. इंजिनाचा पंखा, बोल्ट, होडीचा पत्रा यांना वर्षा-दोन वर्षांत खड्डे पडतात आणि मालक "इंजिनच हलके निघाले" म्हणून कंपनीला दोष देत बसतो. होडीत प्रत्येक उपकरणाला जाणारी एक आणि परत येणारी एक अशा दोन वायरी बॅटरीपर्यंत स्वतंत्र असाव्यात. परतीच्या सर्व वायरी एका पट्टीवर एकत्र आणून तिथून एक जाड वायर बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी.

वायर किती जाडीची घ्यावी

ठिबक संचाची लॅटरल गरजेपेक्षा बारीक किंवा लांब असली की शेवटच्या तोट्यांना पाणी कमी पडते, हे आपण रोज पाहतो. वायरीचेही तसेच आहे. वायर बारीक व लांब असली की शेवटी पोहोचणारे व्होल्टेज कमी भरते. घरात २३० मधले एक व्होल्ट कमी झाले तर कळतसुद्धा नाही. बारातले एक गेले तर दिवा मंद होतो आणि पंप पाणी कमी फेकतो.

हिशेब सोपा आहे. वायरीची जाण्या-येण्याची मिळून लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिला अँपियरने गुणावे, आलेल्या संख्येला ०.०१८ ने गुणावे आणि वायरीच्या चौरस मिलिमीटरने (दुकानात ज्याला दीडची, अडीचची वायर म्हणतात त्या आकड्याने) भागावे. जे उत्तर येईल तितके व्होल्ट वाटेत मुरतात. समजा पंप तीन अँपियर घेतो आणि बॅटरीपासून पाच मीटरवर आहे. जाऊन-येऊन दहा मीटर. पाऊणच्या वायरीत ०.७२ व्होल्ट मुरतील, दीडच्या वायरीत ०.३६ आणि अडीचच्या वायरीत ०.२२. पंप व मार्गदर्शक दिवे यांच्या बाबतीत ही घट तीन टक्क्यांच्या, म्हणजे बारा व्होल्टवर ०.३६ च्या आत ठेवावी. दीडची वायर अगदी काठावर येते, सांधा थोडा खराब झाला की मर्यादा ओलांडली जाईल. म्हणून अडीचची घ्यावी. मोबाईल चार्जर किंवा बसण्याच्या जागेवरचा लहान दिवा यांना एवढी कडक मर्यादा पाळण्याची गरज नाही.

वायर तांब्याचीच आणि अनेक बारीक तारांची असावी. घरात भिंतीत घालतात ती एकसंध जाड तारेची वायर होडीत चालत नाही. इंजिनाच्या सततच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते आणि बाहेरून वायर शाबूत दिसते. ॲल्युमिनियमची वायर तर होडीजवळ आणूच नये. सर्वांत उत्तम म्हणजे कल्हई केलेल्या तांब्याच्या तारांची वायर. सोलल्यावर आतल्या तारा तांबूस न दिसता चंदेरी दिसतात, ही तिची ओळख. मोठ्या बंदरांच्या गावी होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. साध्या वायरीपेक्षा महाग पडते, पण लहान होडीला लागते तरी किती? वीस-पंचवीस मीटर. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत टोकाकडून आत कळकत जाते. पितळेच्या भांड्यावर येतो तसा हिरवट थर वेष्टनाखाली वीतभर आत सापडतो. अशा वायरीचे टोक कापून नवा सांधा केला तरी तो टिकत नाही, कारण आतला तांब्याचा भागच काळा पडलेला असतो.

फ्यूज कोठे व किती अँपियरचा

फ्यूज उपकरण जळू नये म्हणून असतो असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. फ्यूज वायरीच्या संरक्षणासाठी असतो. म्हणून त्याचा आकडा उपकरणापेक्षाही वायरीच्या जाडीवरून ठरतो, आणि त्याची जागा उपकरणाजवळ नसून बॅटरीजवळ असते. फ्यूजच्या अलीकडची, म्हणजे बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर असंरक्षित राहते. तिथे वेष्टन घासले तर तो फ्यूज काहीही करू शकत नाही. यासाठी मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत बसवावा. आम्ही पाहिलेल्या काही होड्यांत फ्यूज होता, पण तो चार मीटरवर दिव्याच्या स्विचजवळ. असून नसल्यासारखाच!

लहान होडीसाठी पुढील प्रमाण सुरक्षित आहे. एकच्या वायरीला ५ अँपियर, दीडच्या वायरीला १०, अडीचच्या वायरीला १५ आणि चारच्या वायरीला २० अँपियरपर्यंतचा फ्यूज. पंपावर उत्पादकाने फ्यूजचा आकडा छापलेला असतो. तो यापेक्षा कमी असेल तर छापलेला घ्यावा. फ्यूज वारंवार जात असेल तर कारण शोधावे. त्याजागी सिगारेटच्या पाकिटातला चकचकीत कागद किंवा तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पेट्रोलच्या कॅनशेजारी निखारा ठेवणे होय.

मुख्य फ्यूजला लागूनच मेन स्विच हवा. तो होडी चालवणाऱ्याच्या हाताला बसल्या जागेवरून सापडला पाहिजे, फळीखाली नको. आमच्या प्रसंगात चिमटा होता म्हणून वायर निघाली. टर्मिनल नटबोल्टने घट्ट आवळायचे, आणि तसेच ते आवळले पाहिजे, तर मग प्रवाह तोडायला मेन स्विच असल्याशिवाय गत्यंतर नाही. येथे घरगुती स्विच किंवा घरच्या बोर्डावरचा एमसीबी वापरू नये. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने अखंड वाहत असल्याने ठिणगी रेंगाळते आणि स्विचची टोके जळतात. बारा किंवा चोवीस व्होल्ट डी.सी. असे ज्यावर लिहिले आहे तोच स्विच घ्यावा.

सांधे

होडीतील विजेच्या बहुतेक तक्रारी वायरीत नसून सांध्यांत असतात. दोन वायरी सोलून पिळल्या आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. खाऱ्या दमट हवेत ती पट्टी महिन्याभरात सुटते आणि पाणी आत शिरते. शक्यतो वाटेत सांधा करूच नये, वायर एकसंध न्यावी. करावाच लागला तर वायरीच्या जाडीला जुळणारे तांब्याचे थिंबल घेऊन ते दाबयंत्राने दाबावे. पक्कडीने चेपलेले थिंबल ओढून पाहा, निम्मी तरी हातात येतात. त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवावी. डाग दिलेला सांधा चांगला दिसतो, पण डाग संपतो तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच मोडते. यासाठी नुसत्या डागावर भिस्त ठेवू नये.

वायर तळाच्या पाण्यातून न नेता काठाच्या आतील बाजूने वरून न्यावी आणि दर हात-दीड हातावर पट्ट्याने बांधावी. फळीच्या किंवा फायबरच्या कडेवरून जाते तिथे रबरी नळीचा तुकडा घालावा. पेटीत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून टपकते, पेटीत जात नाही. छपराच्या वळचणीचे तत्त्व तेच.

बॅटरी

दोरीने सुरू होणारे लहान आऊटबोर्ड इंजिन असेल तर बॅटरी केवळ दिवे व पंप यांच्यासाठी लागते. तीन तासांच्या फेरीचा हिशेब करून पाहू. एलईडी मार्गदर्शक दिवे अर्धा अँपियर घेतात, म्हणजे दीड अँपियर-तास. पंप तासभर चालला तर तीन. प्रकाशझोताचा एलईडी दिवा अर्धा तास, जवळपास एक. मोबाईल वगैरे एक. एकूण साडेसहा. शिशाची बॅटरी तिच्या क्षमतेच्या निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते. म्हणून ३५ ते ४० अँपियर-तासांची बॅटरी पुरते आणि एखाद्या रात्रीच्या अडचणीलाही शिल्लक राहते. इंजिन सेल्फने सुरू होणारे असेल तर ती बॅटरी वेगळी ठेवावी. दिव्यांनी बॅटरी उतरवली आणि भर खाडीत इंजिन सुरू होईना, असा प्रसंग मग येत नाही.

हलताना सांडणार नाही अशी बंद बॅटरी होडीला सोयीची. लिथियमची बॅटरी हलकी व टिकाऊ असते हे खरे, पण तिला तिचाच चार्जर व नियंत्रक लागतो. जुन्या चार्जरवर ती लावण्याचा मोह नको. कमी खर्चात काम भागवायचे तर अजून शिशाचीच बरी, असे माझे मत आहे.

बॅटरी प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पेटीत ठेवून पट्ट्याने होडीला आवळावी. होडी उलटीसुलटी हिंदकळली तरी ती जागची हलता कामा नये. पेटीला वरच्या बाजूला भोके असावीत. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगीने तो भडकतो. हायड्रोजन वर जातो, उलट पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून होडीच्या तळाशी साचते. म्हणून पेट्रोलची टाकी आणि बॅटरी एका खणात कधीही ठेवू नयेत. टाकी भरताना ती काठावर उतरवून भरावी आणि त्या वेळी मेन स्विच बंद असावा. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. टोके आवळल्यावर त्यांवर व्हॅसलीन लावावे, आवळण्यापूर्वी मध्ये नव्हे.

बॅटरी किती भरली आहे ते साध्या मल्टीमीटरने कळते. दोन-तीन तास विश्रांती दिल्यावर १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेली. २० वॅटचे सौर पॅनेल बसवले तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी पाच-सहा अँपियर-तास भर पडते. पण त्याला चार्ज नियंत्रक जोडावाच, आणि त्याच्याही वायरीवर बॅटरीजवळ फ्यूज हवा.

पाणी उपसणारा पंप

रात्री होडी धक्क्याला बांधून आपण घरी झोपतो. मेन स्विच बंद करून जाणे योग्यच. पण पंपही त्याच स्विचवर असेल तर होडी रात्रभर बिनपहाऱ्याची राहते. म्हणून पंपाची वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून घ्यावी आणि त्याला पाणी चढताच आपोआप चालू करणारा तरंगता स्विच लावावा. सगळे बंद असताना फक्त हा एक जागा राहिला पाहिजे.

पावसाचा हिशेब आपल्याला नवीन नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. होडीचे उघडे तोंड आठ चौरस मीटर धरले आणि रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो कोकणात काही विशेष नाही, तर होडीत ८०० लिटर पाणी येते. बारा माणसे बसल्याएवढे वजन! लहान पंपावर ५०० गॅलन लिहिलेले असते. ते अमेरिकी गॅलन, म्हणजे ताशी सुमारे १,९०० लिटर, तेही पाणी वर चढवायचे नसताना आणि व्होल्टेज पूर्ण असताना. विहिरीवरच्या पंपाचे जसे उंचीप्रमाणे पाणी घटते तसेच येथेही. ताशी हजार लिटर धरले तरी ८०० लिटर तासाभरात बाहेर जातात आणि बॅटरीचे तीन अँपियर-तास खर्च होतात. पंप ही कामगिरी आरामात करतो. मात्र तरंगत्या स्विचमध्ये शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकून पंप रात्रभर कोरडा फिरला तर सकाळी बॅटरी मेलेली आणि पंप जळालेला सापडतो. आठवड्यातून एकदा तळ साफ करून स्विच हाताने उचलून पाहावा.

पंप आहे म्हणून होडी बुडणार नाही, असे मात्र मानू नये. होडीच्या अंगाला पाण्याखाली एक फुटावर इंचभर व्यासाचे भोक पडले तर मिनिटाला चाळीसएक लिटर पाणी आत येते, म्हणजे ताशी अडीच हजार लिटर. पंप हरतो. म्हणून होडीत एक मोठी बादली आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट असलेच पाहिजे. हा विजेचा विषय नाही, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

दिवे

पर्यटकांची फेरी सूर्यास्तापूर्वी संपवावी, हेच उत्तम. परंतु ओहोटीने अडकण्याचा प्रसंग कोणावरही येतो आणि अंधारात मासेमारीच्या मोठ्या होडीला आपण दिसलो नाही तर टक्कर अटळ. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम याबाबत स्पष्ट आहेत. बारा मीटरपेक्षा लहान इंजिनच्या होडीवर चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा, डाव्या बाजूस लाल व उजव्या बाजूस हिरवा दिवा हवा. डावी-उजवी ही पुढे तोंड करून बसणाऱ्याची. सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी सात सागरी मैलांहून (सुमारे १३ किलोमीटर) अधिक वेग नसलेल्या होडीला एकट्या पांढऱ्या दिव्यावर चालते, जमल्यास लाल-हिरवेही लावावेत. पांढरा दिवा माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच काठीवर असावा, नाहीतर उभ्या राहिलेल्या पाहुण्यामागे तो लपतो.

हल्ली होडीच्या कडेने लाल, हिरव्या, निळ्या चमकत्या एलईडी पट्ट्या लावण्याची हौस दिसते. समोरून येणाऱ्याला त्यातून आपली डावी बाजू कोणती, उजवी कोणती, होडी येते आहे की जाते आहे, काही उमगत नाही. लग्नाच्या मांडवाला त्या शोभतात, होडीला नको.

काठावरची वीज

धक्क्यावर घरातून लांब वायर ओढून, एक्स्टेन्शन बोर्ड फळीवर टाकून होडीतच बॅटरी चार्ज करणारे पुष्कळ आहेत. येथे मात्र २३० व्होल्टचा संबंध येतो, आणि ओले पाय, खारे पाणी व उघडा बोर्ड हे मिश्रण प्राणघातक आहे. पाण्यात उतरलेल्या माणसाला गळतीचा प्रवाह सोडत नाही. बॅटरी उचलून घरी न्यावी व तिथे मोकळ्या हवेत चार्ज करावी. बारा-पंधरा किलोचे ओझे आहे, नारळाच्या पोत्यापेक्षा हलके. अगदीच धक्क्यावर जोडणी हवी असेल तर ती परवानाधारक वायरमनकडून, योग्य अर्थिंगसह आणि ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीमधून घ्यावी. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या एकदशांश ठेवावा. ४० ची बॅटरी असेल तर ४ अँपियर. घरच्या इन्व्हर्टरवर ती जोडून पटकन भरून घेऊ नये.

होडीत इन्व्हर्टर बसवून टीव्ही, गाण्याचा मोठा संच लावण्याबद्दल प्रशिक्षणात वारंवार विचारणा होते. लहान उघड्या होडीत २३० व्होल्ट आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहुणा पक्ष्यांचे आवाज ऐकायला येतो.

पावसाळ्यात आणि हंगामापूर्वी

होडी काठावर ओढून शाकारली की बॅटरी घरी आणावी, पूर्ण चार्ज करून कोरड्या जागी ठेवावी आणि दर महिन्याला पुन्हा चार्ज करावी. उतरलेल्या स्थितीत तीन महिने पडलेली बॅटरी बहुधा परत उभी राहत नाही. वायरींची उघडी टोके, फ्यूजची पेटी व स्विच गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत, म्हणजे मीठ शिल्लक राहत नाही. मीठ स्वतः हवेतला ओलावा ओढते.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटण्याआधी जमिनीवरच एक तपासणी करावी. सर्व दिवे व पंप एकाच वेळी चालू करावेत. पंपाला बादलीतले पाणी द्यावे, कोरडा चालवू नये. मग बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज आणि पंपापाशी पोहोचलेले व्होल्टेज मोजावे. फरक ०.४ व्होल्टपेक्षा जास्त आला तर वाटेतला एखादा सांधा कळकलेला आहे. दहा मिनिटे सर्व चालू ठेवून प्रत्येक सांध्याला आणि फ्यूजच्या पेटीला हात लावून पाहावे. जो गरम लागेल तो उकलून पुन्हा करावा. आमच्या त्या बागायतदारांच्या होडीत नवीन वायरिंगनंतरही एक सांधा असा सापडला, आणि तो मी स्वतः दाबलेला होता.

खाडीत प्रवासी नेण्यासाठी होडीची नोंदणी, तपासणी व प्रवासी संख्या यांबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आधी चौकशी करावी. धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाकडे जावे. फेरीला निघताना होडीत पाणी न शिरणाऱ्या डब्यात पुढील वस्तू ठेवाव्यात : वापरात असलेल्या प्रत्येक आकड्याचे दोन-दोन फ्यूज, पाना व स्क्रू-ड्रायव्हर, मीटरभर वायर, चार थिंबल, स्वतंत्र सेलवर चालणारी विजेरी आणि भरलेला मोबाईल. त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक व गावातील दुसऱ्या एका होडीवाल्याचा क्रमांक नोंदलेला असावा.